सापळा क्रमांक एकतीस

पहाटे पावणेपाच. वैजापूरच्या रस्त्यावर
मी, रायसिंग बारेला आणि त्याची बिडी.
सातपुडा अजून दिसत नाही,
अंधाराचा एक जास्त गार तुकडा
समोर उभा आहे, एवढंच.

एकोणपन्नास सापळे. सात उभ्या ओळी, सात आडव्या,
दहा-दहा मीटरवर लाल फीत बांधलेली झुडपं.
दार मिटलेलं म्हणजे आत कुणीतरी.
किंवा वारा. किंवा मुंगळे.
ऑक्टोबरात एकदा भला मोठा बेडूक,
भाडं थकल्यासारखा माझ्याकडे बघत.
(थकलंच आहे. फेलोशिप ऑगस्टपासून आलेली नाही.)

अडावदला जिच्याकडे खोली आहे ती कौतिकबाई
पहिल्या दिवशी आमिष पाहून हसत सुटली :
दादरचं पीठ, दाण्याचा कूट, वर तेलाची धार.
"उंदरासले लाडू?"
आठवड्याभरात स्वतःच वळून द्यायला लागली.
तिच्या लाडवांना माझ्यापेक्षा जास्त उंदीर येतात,
हे प्रबंधात कुठल्या प्रकरणात घालायचं
मला अजून सुचलेलं नाही.
"धरस, मोजस, आनि सोडी देस," ती म्हणते,
"येडी शे का पोर?"

सापळा पिशवीत उलटा करायचा,
कापडाबाहेरून चाचपत मान शोधायची.
पिशवीसकट एकोणचाळीस, पिशवी अकरा.
अठ्ठावीस ग्रॅम. मादी.
अठ्ठावीस ग्रॅममध्ये इतका राग मावतो!
शेपूट, मागचा पाय, कान,
कानाला इवलासा पत्र्याचा बिल्ला : शून्य छत्तीस.
मग मूठ उघडायची.
ती लगेच पळत नाही. मिशा हलवत थांबते
चुकीच्या थांब्यावर उतरल्यासारखी,
आणि मग गवतात नुसती हालचाल उरते.

"आम्ही लहानपणी मोजले नाहीत," रायसिंग म्हणाला,
"भाजले."
हसला नाही. मीही वही मिटून घेतली.
त्यानंतर त्यानेच मला माती वाचायला शिकवलं,
रात्रीची कुठली, परवाची कुठली,
आणि कुठल्या बिळाला मागचं दार असतं.

रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीच्या शिडीवर,
सातव्या पायरीला.
तिथे उभं राहून पुण्याच्या सरांना सांगायचं : एकशे बारा.
"कमी आहेत."
त्याच पायरीवर आई : "संपलं का गं?"
दोघांना एकच उत्तर, मार्चपर्यंत.

सात जानेवारी. पारा सहावर.
थंडीत प्रत्येक सापळ्यात कापसाचा बोळा ठेवायचा असतो.
या मुलखात कापूस कमी नाही,
जिनिंगला निघालेल्या गाड्यांचा
बाभळींना अडकून राहतो, वाटेत वेचावा तेवढा.
मी अठ्ठेचाळीस बोळे ठेवले होते.

एकतीसचं दार मिटलेलं. लाडू अर्धा खाल्लेला.
शून्य छत्तीस.
पाचव्यांदा आली होती. भरवशाने नव्हे,
लाडवाच्या ओढीने. मला कळतो फरक.
तरी.

रायसिंगने तिला ओंजळीत घेऊन फुंकर घातली,
मग काखेत धरून बसून राहिला,
बिडी न पेटवता, ऊन टेकडीवरून खाली येईपर्यंत.
तक्त्यात एक अरुंद रकाना आहे : अवस्था.
त्यात एकच अक्षर बसतं.
मी ते लिहिलं.
बत्तीस रिकामा. तेहतीस रिकामा. चौतिसात काटेरी केसांचं पिल्लू,
बोळ्यात गुरफटून चक्क झोपलेलं.

संध्याकाळी कौतिकबाईने काही विचारलं नाही.
रायसिंगने सांगितलं असावं, की माझ्या तोंडाने, कोण जाणे.
उशी उसवली तिने,
परातीत बोळे मोजून ठेवले एकोणपन्नास
आणि वर अजून एक.
"हा कशाला?"
"ऱ्हाऊ दे."

तो माझ्या जर्किनच्या खिशात आहे.
एव्हाना त्याला बिडीचा वास लागलाय,
आणि थोडा दाण्यांचा.